काई व्हत नई भो! (नव्या गाडीवाल्यांसाठी अनुभवाचे बोल)

गाडी घेतली ना? नारळ फुटला, चारी चाकांखाली लिंबं चिरडली, शोरूमवाल्याने पुठ्ठ्याची हातभर चावी हातात देऊन फोटो काढला, तो स्टेटसला टाकून झाला, पेढे वाटून झाले. आता सगळ्यात पहिले एक काम करा. डॅशबोर्डच्या कप्प्यात प्लास्टिकच्या पिशवीत एक जाड पुस्तक दिलंय बघा, मॅन्युअल म्हणतात त्याला, त्याला अजिबात हात लावू नका. सीटवरचं प्लास्टिक जसं दोन वर्षं काढायचं नाही तसंच ह्याचं पण काढायचं नाही. ते पुस्तक ज्यांनी गाडी बनवली त्यांनी लिहिलंय, आणि त्यांना काय कळतं, ते कधी मे महिन्यात भुसावळला आलेत का?

माहिती लागली तर माणसं आहेत ना आपल्याकडे. पहिला माणूस पेढा तोंडात टाकता टाकताच विचारेल, "एव्हरेज कितला देस?" म्हणजे लिटरला किती किलोमीटर चालते. काहीही आकडा सांगा. तुम्ही १८ म्हणालात तर त्याची २२ देते, तुम्ही २२ म्हणालात तर त्याच्या साडूची २६ देते आणि ती पण एसी लावून. टाकी फुल करायची, किलोमीटर लिहून ठेवायचे, परत फुल करायची आणि भागाकार करायचा, असला बनियागिरीचा हिशोब त्याने जन्मात केलेला नसतो, तो ५०० चं पेट्रोल टाकतो आणि काटा कुठवर उतरला ते बघतो. हल्ली पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, आणि इथेनॉलच्या एका लिटरमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ताकद कमी, त्यामुळे एव्हरेज थोडं पडणारच. पण हे त्याला सांगायला जाऊ नका, तो म्हणेल तुझा पाय जड आहे.

आता हवा. ड्रायव्हरचा दरवाजा उघडला की खांबावर एक स्टिकर असतं, त्यावर पुढच्या-मागच्या चाकात किती हवा, रिकामी गाडी असताना किती, भरलेली असताना किती, सगळं छापलेलं असतं. ते कंपनीने शोभेला लावलंय. हवा किती भरायची हे पंक्चरवाला ठरवतो, आणि तो बुलेटपासून पिकअपपर्यंत सगळ्यांना ३५ भरतो. नाहीतर टायरच्या अंगावरच एक मोठा आकडा लिहिलेला असतो तो वाचा आणि तेवढी भरा, ती टायरची शेवटची मर्यादा आहे, तुमच्या गाडीसाठीचा आकडा नाही, हे आपल्याला कशाला पाहिजे. उन्हाळ्यात मात्र सल्ला उलटा होतो, "हवा कमी ठेव भो, उन्हात फुगून फुटतं." बरोबरच आहे. हवा कमी असली की टायरचा बाजूचा भाग प्रत्येक फेऱ्याला दबतो-उठतो, दबतो-उठतो, त्यानेच तो आतून तापतो, आणि मग ४५ डिग्रीत धुळे-जळगाव रोडवर ११० च्या स्पीडला जो आवाज होतो तो हवा जास्त झाल्याचा नसतो. पण फुटल्यावर कोण मोजायला बसलंय, हवा तर गेली.

टायरचं वय पण बघू नका. त्यावर चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. गंमत बघा, हाच माणूस दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत गेला की घोड्याचं तोंड उघडून दात मोजल्याशिवाय भाव बोलत नाही. जुनी गाडी घेताना मात्र "डॉक्टरची गाडी आहे, फक्त दवाखान्यात जायची" एवढ्यावर टोकन देऊन येतो. मीटरवर ३० हजार किलोमीटर, आणि ब्रेकच्या पेडलचं रबर पायाखाली झिजून पत्रा दिसतोय. डॉक्टरने ब्रेक फार दाबले असतील, काय सांगता येतं. अशी गाडी घेतली की आरसी लगेच नावावर करून घ्यायची घाई करू नका, फॉर्म २९ आणि ३० (गाडी नावावर करायचे अर्ज) सही करून घ्या आणि कपाटात साड्यांच्या खाली ठेवा. चलनं जुन्या मालकाला जात राहतात, आपल्याला त्रास नाही. आणि विकणारे असाल तर अजूनच निवांत रहा. उद्या त्या गाडीने कुणाला उडवलं तर कोर्ट आरसीवर ज्याचं नाव त्यालाच मालक धरतं, सुप्रीम कोर्टाने २०१८ ला परत स्पष्ट सांगितलंय, पण तुम्ही तर पैसे मोजून घेतलेत, तुमचा काय संबंध.

आता मुख्य विषयाकडे येतो, इंजिन आणि आपलं ऊन. ह्या विषयात खान्देशात अडाणी माणूस नाही.

माझी गाडी तीन वर्षांची असताना मी एका फिटरकडे नेली होती, साधं ऑइल बदलायला. नाव घेत नाही, माणूस हाताचा चांगला आहे. त्याने बोनेट उघडलं, मान हलवली, आणि डॉक्टर कसे रिपोर्ट बघून चष्मा काढतात तसा फडक्याला हात पुसला. "थर्मोस्टॅट आहे का अजून? काढून टाकू. आपल्याकडे काय काम त्याचं, ते थंडीच्या देशातल्या गाड्यांना लागतं." थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप. मला पटलं. तुम्हाला पण पटेल, कारण ऐकायला इतकं बरोबर वाटतं ना, की आपल्याकडे इंजिन गरम करायला कशाला काही पाहिजे, ते घरात उभं असताना पण गरमच असतं.

पुस्तकात काय लिहिलंय ते सांगतो, विश्वास ठेवू नका. इंजिनला ८०-९० डिग्रीच्या आसपास राहायचं असतं, त्याच्या खाली ते आजारी माणसासारखं चालतं, कॉम्प्युटरला वाटतं इंजिन अजून थंडच आहे आणि तो इंधन जास्त सोडत राहतो. म्हणजे एव्हरेज पडतं, ज्याच्यासाठी आपण जीव टाकतो तेच. आणि बऱ्याच इंजिनांत हा थर्मोस्टॅट उघडला की पाण्याचा आडमार्ग पण बंद करतो, तो काढला की आडमार्ग कायमचा उघडा, म्हणजे थोडं गरम पाणी रेडिएटरकडे न जाता तसंच फिरून परत इंजिनात येतं. ज्या उष्णतेसाठी काढलं तीच वाढते. पण हे मला नंतर कळलं, घाटात.

कुलंटचं पण तसंच. इंजिन थंड ठेवणारं ते हिरवं-गुलाबी पाणी महाग मिळतं, आणि खरं सांगू का, आपल्या बोअरला काय कमी पाणी आहे. बादलीच्या कडेला जे पांढरं पांढरं चढतं, गिझरच्या कॉइलवर जी खडूसारखी खपली बसते, तेच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसू द्या, नळ्या मजबूत होतील. कुलंट डिस्टिल्ड वॉटरमध्ये अर्धं-अर्धं मिसळलं आणि झाकणाचा प्रेशर धरला तर ते १२५ डिग्रीच्या पुढे गेल्याशिवाय उकळत नाही, आत गंज पण धरू देत नाही, असं म्हणतात. म्हणू द्या. आपण हापशावर बाटली भरायची.

एसीबद्दल जास्त लिहीत नाही कारण त्याचा तज्ज्ञ घरोघरी आहे. दर वर्षी आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी गॅस भरून घ्यायचा, बस. एसीचा गॅस बंद नळ्यांत फिरतो, पेट्रोलसारखा जळून संपत नाही, कमी झाला म्हणजे कुठेतरी गळतंय, पण गळती शोधायला दिवस लागतो आणि गॅस भरायला अर्धा तास, तुम्हीच सांगा शहाणपण कशात. दोन तास उन्हात उभी गाडी उघडली की काचा बंद ठेवूनच एसी फुलवर टाका, आतली भट्टीची हवा तशीच राहू द्या, ती पण पैशाचीच आहे. आणि काचांना काळी फिल्म. २०१२ ला सुप्रीम कोर्टाने बंदी घातली, पुढच्या-मागच्या काचेतून ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के उजेड आत आलाच पाहिजे असा नियम आहे, पण चौकातल्या साहेबाला सांगायचं "साहेब, जळगावचं ऊन", तो स्वतःच रुमाल बांधून उभा असतो, त्याला कळतं. नाही कळलं तर पावती.

विमा. मागच्या पोळ्याला एकाच्या बैलाने माझ्या बंपरला शिंग लावलं. लगेच क्लेम करा, हप्ते काय फुकट भरतो का आपण! हिशोब बघा, नुसता बंपर ३००० चा धरा. झिरो डेप (घसारा न कापणारा विमा) नसलं तर प्लास्टिकला ५० टक्के घसारा, गेले १५००. छोट्या गाडीला १००० कंपल्सरी आपल्या खिशातले, ते पण गेले. हातात आले ५००. आणि पाच वर्षं क्लेम न केल्यामुळे साचलेला ५० टक्क्यांचा नो क्लेम बोनस (हप्त्यातली सूट) पुढच्या वर्षी शून्य. पण ५०० आले ना, मी त्याची शेवभाजी खाल्ली, सोडतो काय.

उंदरांवर तंबाखूची पानं, हिंग, डांबरगोळ्या, तिन्ही बोनेटमध्ये एकत्र ठेवा. उंदीर वायर खातीलच पण तोंडाला चव राहील.

डिक्की मात्र आपली खरी अडचण आहे आणि ह्यावर त्या पुस्तकात एक ओळ नाही, इथे मी त्यांच्यावर खरंच नाराज आहे. रावेर-यावलकडे कुणाकडे गेलात की निघताना डिक्कीत केळीचा घड येतोच, नाही म्हटलं तर माणूस रुसतो. त्या घडाच्या दांड्यातून जो चीक गळतो तो कार्पेटवर एकदा पडला की काळा होतो आणि गाडी विकली तरी निघत नाही, मी रॉकेल, लिंबू, शाम्पू सगळं करून बसलोय. वर भरताची वांगी, अर्धं पोतं दादर ज्वारी, आत्याने दिलेले पापड, ते पापड मागच्या काचेपाशी ठेवा म्हणजे मागचं काही दिसत नाही आणि पापड पण वाळतात.

तर असंच लग्नाला निघालो होतो, मे महिना, कन्नडला. जळगावहून पाचोरा, भडगाव, चाळीसगाव, आणि पुढे घाट. आत पाच माणसं, त्यातले सासरे पुढे, डिक्कीत दोन घड, एसी फुल, दुपारचा एक. थर्मोस्टॅट नाही, बोअरचं पाणी भरलेलं, हवा "उन्हाळ्याची" म्हणजे २६. घाटात ट्रकच्या मागे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगताना काटा वर सरकायला लागला. मी म्हणालो काटा वर जातोय. सासरे म्हणाले, "काई व्हत नई भो, घाट शे ना." मग बोनेटमधून वाफ आली. सासरे म्हणाले, "एसी बंद कर." बंद केला. मग गाडीच बंद झाली.

खाली उतरलो तर पाच मिनिटांत सात माणसं जमा. एक म्हणाला झाकण उघडा आणि थंड पाणी ओता, उकळत्या रेडिएटरचं झाकण उघडलं तर तोंडावर कारंजं येतं हे मला माहीत होतं, का माहीत होतं ते हातावर दिसतं. दुसरा म्हणाला फॅन बेल्ट, माझ्या गाडीचा पंखा करंटवर चालतो. तिसरा म्हणाला गाडी वळवा, न्यूट्रल करून चावी बंद करा आणि उतारावर चाळीसगावपर्यंत सोडून द्या, पेट्रोल पण वाचेल. हा सल्ला मला फार आवडला, घाटात चावी बंद केली की ब्रेक दगडासारखा होतो, स्टिअरिंग जड होतं, चावी ओढून घेतली तर लॉक पण होतं, आणि पेट्रोलचं म्हणाल तर गिअरमध्ये पाय उचलून उतरताना आजकालच्या गाड्या इंजेक्टर बंदच करतात, न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवलं तरच उलट जळतं. पण एवढं सगळं त्याला सांगेपर्यंत त्याने दुसरी बाजू घेतली होती.

तास-दीड तास थांबलो. सावलीला एक झाड नाही. सौ. ने वारा घालायला कप्प्यात काही पेपर-बिपर आहे का म्हणून हात घातला आणि ते पुस्तक निघालं, प्लास्टिकच्या पिशवीसकट. पिशवी फाडली आणि घालायला लागली. वजनाला चांगलं आहे, पुठ्ठा जाड, हवा बऱ्यापैकी येते. सासऱ्यांनी डिक्कीतला एक घड काढला आणि जमलेल्या लोकांना केळी वाटली, लग्नाला आता पोचत नव्हतोच.

तेवढ्यात मोटरसायकलवरून एक जण आला, ब्रेक मारला, बोनेटमधल्या वाफेकडे बघितलं, केळ घेतलं, सोलता सोलता गाडीला एक चक्कर मारली, माझ्याजवळ येऊन उभा राहिला आणि म्हणाला,

"एव्हरेज कितला देस, भो?"

मी २६ सांगितला.