‘साहेब, सगळ्याला बसतो!’

‘सगळ्याला बसतो’ असं कुणी म्हटलं की आता माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. सगळ्याला म्हणजे कुणाला? माझ्या मुरबाडच्या जुन्या मिनी ट्रॅक्टरला तर हा रोटाव्हेटर, म्हणजे मागे जोडून माती घुसळायचा रोटर, बसत नाहीये. मृग लागून गेला, भाताच्या रोपांचे राब हिरवेगार झाले, वीस-पंचवीस दिवसांत रोप लावणीला येतं, त्याआधी चिखलणी, म्हणजे पाण्यात माती घुसळून चिखल करणं, व्हायला हवी. आणि नवाकोरा साडेतीन फुटी रोटाव्हेटर खळ्यात ताडपत्रीखाली लोळतोय. शेजारीच ट्रॅक्टर उभा. दोघांत हातभर अंतर. ते अंतर मिटवायचं कसं हे छातीठोकपणे सांगणारा एक माणूस भेटेल तर शपथ. सल्ले मात्र ढीगभर.

बरं, यात नव्याने शोध लावण्यासारखं काही उरलंय का? अवजार ट्रॅक्टरमागे अडकवायची हॅरी फर्ग्युसनची तीन लिंकांची, म्हणजे तीन दांड्यांची, जोडणी 1939 साली फोर्डच्या 9एन ट्रॅक्टरवर आली. खाली दोन लोअर लिंक, वर एक टॉप लिंक. जगभर आजही तेच चालतं. मापंसुद्धा ठरलेली आहेत. कॅटेगरी एक, म्हणजे लहान ट्रॅक्टरची, असेल तर लिंकमध्ये अडकणाऱ्या खालच्या पिना 22 मिलिमीटर, वरची 19. कॅटेगरी दोन असेल तर खालच्या 28, वरची 25. पीटीओला, म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या अवजाराला देणाऱ्या फिरत्या टोकाला, 35 मिलिमीटरचा सहा दात्यांचा दांडा, मिनिटाला 540 फेरे. एवढी चार मापं ज्याला तोंडपाठ नाहीत त्याने रोटर विकायला बसावंच कशाला? पैसे देण्याआधी मी विचारलं होतं, ‘शेठ, पिना किती एमएमच्या आहेत?’ उत्तर काय, तर ‘साहेब, स्टँडर्ड आहेत.’ वर पोराला चहा सांगितला. चहा चांगला होता, तेवढं कबूल.

तर या स्टँडर्ड पिना निघाल्या 28 च्या. गोडाऊनमध्ये ज्या हाताला लागल्या त्या ठोकून दिल्या असणार. माझ्या ट्रॅक्टरच्या लोअर लिंकचा बॉल, म्हणजे पिन जाते तो भोकाचा गोळा, 22 चा. फोन केला तर म्हणतो, ‘मग बुश टाका ना साहेब!’ अरे बाबा, बुश म्हणजे भोकात बसवायची नळी, ती भोक मोठं असलं की टाकतात. इथे पिनच मोठी आहे! हे मी त्याला फोनवर ओरडून सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, ‘बघा, मिस्त्रीला विचारा.’ मिस्त्री म्हणाला, बॉलचं भोक मोठं करून देतो. म्हणजे हजारोंचा रोटर वाचवायला माझ्या ट्रॅक्टरची लिंक पोखरायची, आणि उद्या नांगर लावायचा झाला की पुन्हा सगळं ढिलं. नकोच.

मी राहतो ठाण्यात, म्हणून ठरवलं की वागळे इस्टेटच्या कारखान्यांत पिना टर्निंग करून, म्हणजे कातून 22 च्या, घेऊ. एवढी लेथ मशीनं आहेत तिथे. पण दोन पिनांसाठी कुणी मशीन लावायला तयार नाही. ‘शंभर पीसचं काम असेल तर बोला.’ शंभर पिना घेऊन मी काय माळ करून गळ्यात घालू? शेवटी एका काकांनी दया दाखवून ‘ठेवून जा, बघतो’ म्हटलं. ते अजून बघतायत.

पिनांचं एक वेळ ठीक. शाफ्टचं प्रकरण जास्त संतापजनक आहे, कारण त्यात माणूस मरू शकतो. पीटीओची फिरकी रोटरपर्यंत पोचवणारा हा शाफ्ट आत-बाहेर सरकणाऱ्या दोन नळ्यांचा असतो. रोटर वर-खाली झाला की त्याची लांबी कमी-जास्त व्हायला लागते. आमच्याबरोबर आलेला शाफ्ट मोठ्या ट्रॅक्टरच्या मापाचा. जॅक लावून, टेकू देऊन रोटर उचलल्यावर येईल त्या उंचीला धरला आणि शाफ्ट नुसता बाजूला लावून पाहिला, तर दोन्ही नळ्या एकमेकीत पूर्ण घुसूनही जागा पुरेना. तसाच जोडून उचलला असता तर तो थेट पीटीओच्या बेअरिंगवर आणि गिअरबॉक्सवर दणका देणार. उपाय साधा आहे. दोन्ही नळ्या आणि वरचं प्लास्टिकचं कव्हर सारखंच कापायचं, आणि नळ्या एकमेकीत निदान एक तृतीयांश तरी राहतील एवढं बघायचं. हे विकणाऱ्याने सांगायला नको? त्याचा सल्ला होता, ‘जास्त उचलू नका साहेब.’ मग बांधावरून पलीकडच्या खाचरात जायचं कसं? खांद्यावर घेऊन?

आणि ते प्लास्टिकचं कव्हर! ते तर मिस्त्रीने न विचारता काढून कोपऱ्यात भिरकावलं होतं. म्हणे चिखलात अडकतं. मिनिटाला 540 म्हणजे सेकंदाला नऊ फेरे. लुंगीचं टोक, ओढणी, पावसात अंगावर घेतलेलं प्लास्टिक, काहीही त्यात गेलं की ‘अरे’ म्हणायला वेळ मिळत नाही. मी चिडलो तर मिस्त्री हसतो, ‘साहेब, गावात कुणीच लावत नाही.’ हे काय उत्तर झालं? शिवाय शाफ्टच्या नळ्या पुन्हा जोडताना त्याने दोन टोकांचे योक, म्हणजे दोन फाट्यांचे चिमटे, आडवे-उभे बसवले. ते एका रेषेत असावे लागतात, नाहीतर सगळा शाफ्ट थरथरतो आणि सांध्यातले क्रॉस खलास होतात. मी बोट दाखवून सांगितलं तेव्हा ‘चालतं तसं पण’ म्हणाला. त्याला सगळंच चालतं. न चालणारा फक्त माझा रोटर.

अशा मिस्त्रीकडे शाफ्ट कापायला द्यायचा कसा? म्हणून दुसरा ऑनलाइन मागवला, तो आला ठाण्याच्या फ्लॅटवर. गोणपाटात गुंडाळलेला तो लोखंडी सांगाडा लिफ्टमधून सातव्या मजल्यावर नेताना सेक्रेटरी जोशी काकूंनी ज्या नजरेने पाहिलं ते जाऊ दे. उघडला तर त्याची नळी तिकोनी, आधीच्या शाफ्टची चौकोनी. म्हणजे यातलं अर्धं त्यात घालायचा मार्गही बंद. वर्णनात काय लिहिलं होतं ते सांगायची गरज आहे का? बरोबर, तेच दोन शब्द, ‘सगळ्याला बसतो’.

पुन्हा शनिवारी कल्याणवरून मुरबाड, शहाडच्या पुलावर गाडी रांगेत, डिकीत शाफ्ट खडखडतोय आणि मी पावसाचे ढग मोजतोय.

ट्रॅक्टरच्या पुढे तोल साधायला लावायच्या वजनाचं तर कुणी नावच काढलं नव्हतं. मागे एवढं धूड उचललं की पुढची चाकं हलकी होतात, बांध चढताना स्टिअरिंग हवेत फिरवल्यासारखं वाटतं. जुन्या मॉडेलची वजनं आता मिळत नाहीत म्हणे. चुलत्यांनी पुढे वाळूची पोती बांधायचं सुचवलंय आणि खरं सांगायचं तर या अख्ख्या प्रकरणात कामाचं बोललेला तो एकच माणूस.

आता सगळ्यांचा मिळून शेवटचा सल्ला काय, तर ‘साहेब, जुना काढा आणि नवा ट्रॅक्टर घ्या, एक्स्चेंजमध्ये बसवून देतो.’ का काढू? इंजिन ठणठणीत आहे, हायड्रॉलिक एका दमात उचलतं, क्लच जुन्या पद्धतीचा सिंगल आहे, दाबला की गाडीबरोबर रोटरही थांबणार, त्याची मला सवय आहे. नव्या ट्रॅक्टरच्या हप्त्यांचा कागद माझ्यापुढे सरकवताना त्याच शेठच्या हाताला जराही कंप नव्हता. मला ट्रॅक्टर नकोय हो. मला 22 मिलिमीटरच्या दोन पिना हव्यात, आणि मापाचा एक शाफ्ट, कव्हरसकट.