‘दरोडा’ की वाटणी? एका प्रतिक्रियेला उत्तर

आयर्लंडमधल्या आरोग्य विम्यावरच्या माझ्या लेखावर ‘एक वाचक’ यांनी सविस्तर आणि चांगलीच तिखट प्रतिक्रिया दिली आहे. तिथे प्रत्येक आरोग्य विमा पॉलिसीमागे ठरावीक रक्कम एका निधीत घेतात आणि ज्या कंपनीकडे वयस्कर ग्राहक जास्त, तिला त्यातून पैसे देतात; या वाटणीच्या योजनेची बाजू मी त्या लेखात घेतली होती. प्रतिक्रियेचा मथितार्थ असा: एका खाजगी कंपनीने कष्टाने तरुण ग्राहक जमवायचे आणि सरकारने त्यांच्या हप्त्यातला पैसा काढून प्रतिस्पर्ध्याच्या खिशात घालायचा, हा दिवसाढवळ्या दरोडा आहे. याच जाचामुळे बुपा ही ब्रिटिश विमा कंपनी तो देश सोडून गेली, पुढे तिथल्या सर्वोच्च न्यायालयानेही योजना मोडीत काढली, तरी लेखक तिची भलामण करतो. शिवाय नियम करणारं सरकारच एका स्पर्धक कंपनीचं मालक, म्हणजे पंच आणि खेळाडू एकच. ‘आपल्याकडची पोर्टेबिलिटी (म्हणजे आपली पॉलिसी दुसऱ्या विमा कंपनीकडे नेण्याची सोय) बरी’ असा त्यांचा शेवटचा टोला. प्रतिक्रियेच्या चौकटीत उत्तर मावेना, म्हणून इथे लिहितो.

तुमच्या रागामागचं गृहीतक असं दिसतं की ज्या कंपनीचा खर्च कमी, ती कार्यक्षम. एरवी मीही हेच म्हटलं असतं. पण आयर्लंडच्या १९९४च्या कायद्याने कंपन्यांचे हात तीन ठिकाणी बांधले आहेत. एका प्लॅनला तिशीतल्या माणसाला जो दर, तोच सत्तरीच्या आजीला. आलेल्या कुणालाही नाही म्हणायचं नाही. आणि एकदा घेतलेल्याला आजारी पडला म्हणून काढायचं नाही. हे ध्यानात ठेवून हिशोब मांडा.

समजा, सत्तरीच्या माणसाचा वर्षाचा दवाखाना ४००० युरो आणि तिशीतल्याचा ६००. (आकडे माझे, सोयीसाठी घेतलेले.) पहिल्या कंपनीकडे हजार ग्राहक, त्यात ८०० म्हातारे. दुसरीकडेही हजार, पण म्हातारे फक्त २००. पहिलीचा माणशी खर्च ३३२० युरो आणि दुसरीचा १२८०. दोघींनी रुग्णालयांना तोच दर दिला, क्लेम तितक्याच वेळात निकाली काढले, कर्मचारीही सारखेच ठेवले, तरी दुसरी माणशी २०४० युरोंनी स्वस्त. यात कार्यक्षमता कुठे आली? तिने फक्त माणसं निवडली, तीही कुणाला उघड नकार न देता. जाहिरात विद्यापीठात लावायची, जिमची सवलत द्यायची, गुडघा बदलण्याच्या शस्त्रक्रियेचं कव्हर हळूच बारीक करायचं. म्हातारं गिऱ्हाईक आपोआप दुसरीकडे जातं.

आता प्रत्येक पॉलिसीमागे ठरावीक रक्कम एका निधीत घ्या आणि वयस्कर ग्राहक ज्याच्याकडे, त्याला त्यातून वयाप्रमाणे रक्कम द्या. दुसऱ्या कंपनीने तिशीतल्याचा खर्च ६०० वरून ५०० वर आणला, तर ते शंभर युरो तिचेच राहतात, कारण रक्कम वयावर ठरते, तिच्या बिलांवर नाही. म्हणजे निधीत जाते ती निवडीची कमाई. शहाणपणाची कमाई घरातच राहते.

आता बुपाकडे येऊ. व्हीएचआय ही आयर्लंडची सरकारी आरोग्य विमा संस्था १९५७ साली सुरू झाली आणि जवळजवळ चाळीस वर्षं मैदानात एकटीच होती. बुपा १९९७ला उतरली. व्हीएचआयचे सभासद तिच्याबरोबरच म्हातारे झालेले, आणि बुपाकडे आले ते बहुतेक तरुण. इतकी मोठी तफावत हाताशी असूनही बुपाने दर व्हीएचआयच्या थोडेसेच खाली ठेवले. सांगायचं म्हणजे, वाटणी नव्हती तेव्हा तो फायदा ग्राहकाच्या खिशात गेला असता, तर तुमच्या म्हणण्याला वजन आलं असतं. तो गेला तो बव्हंशी नफ्यात. वाटणीची योजना २००३ची, पण ती लागू करण्याचा निर्णय तिथल्या आरोग्यमंत्री मेरी हार्नी यांनी २००५च्या शेवटी घेतला. बुपा न्यायालयात गेली, नोव्हेंबर २००६ला उच्च न्यायालयात हरली आणि डिसेंबरात गाशा गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. तिचा तिथला व्यवसाय क्विन या आयरिश उद्योगसमूहाने घेतला. आजची लाया ही विमा कंपनी ती हीच. म्हणजे गेली ती मालकी. ग्राहक, प्लॅन आणि स्पर्धा तिथेच राहिली.

सर्वोच्च न्यायालयाचं तुम्ही म्हणता ते खरं, पण अर्धंच. जुलै २००८च्या निकालात ‘वाटणी अन्याय्य आहे’ असं म्हटलेलं नाही. समान दर म्हणजे एका प्लॅनमधल्या सगळ्यांना समान दर, एवढंच १९९४चा कायदा सांगतो. मंत्र्यांनी मात्र तो संपूर्ण बाजाराला लावून योजना आखली, आणि तेवढा अधिकार कायद्याने दिलेला नव्हता, असं न्यायालयाचं म्हणणं. दोष कायद्याच्या शब्दरचनेत होता. सरकारने नवा कायदा करून आधी हंगामी व्यवस्था आणली आणि १ जानेवारी २०१३पासून कायमची योजना. त्याच २००८च्या फेब्रुवारीत लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयात बुपा ‘ही व्हीएचआयला दिलेली सरकारी मदत आहे’ हा मुद्दा हरली होती, हेही तुमच्या प्रतिक्रियेत यायला हवं होतं.

तुमचा एक मुद्दा मात्र मला बिनतोड वाटतो: पंच आणि खेळाडू एकच होते. व्हीएचआयची मालकी सरकारकडे, नियमही सरकारचेच, आणि इतर विमा कंपन्यांना जे राखीव भांडवल ठेवावं लागतं त्यातून व्हीएचआयला कित्येक वर्षं सूट. त्यावरून युरोपीय न्यायालयाने २०११ साली आयर्लंडला दोषी ठरवलं आणि मध्यवर्ती बँकेची मंजुरी व्हीएचआयला थेट २०१५ साली मिळाली. बुपाला जाच झाला तो इथे झाला, असं मी म्हणेन. माझी स्वतःची आणखी एक तक्रार आहे. निधीतून वयाच्या जोडीला रुग्णालयात काढलेल्या रात्रींवरही पैसे मिळतात. रुग्णाला लवकर घरी पाठवणाऱ्या कंपनीला मग बक्षीस काय? शिवाय तिथे आज तीनशेहून जास्त प्लॅन आहेत. जवळपास तेच कव्हर नव्या नावाने स्वस्तात निघतं, तरुण तिकडे उडी मारतात आणि आजोबा वर्षानुवर्षं जुन्या महाग प्लॅनचं नूतनीकरण करत बसतात. माणसं निवडण्याचा खेळ संपलेला नाही, फक्त मागच्या दाराने चालतो.

जाता जाता, आयर्लंडला निघालेल्या मराठी वाचकांसाठी: समान दराला एक अपवाद आहे. वयाच्या पस्तिसाव्या वर्षी किंवा त्यानंतर पहिल्यांदा विमा घेतला, तर चौतिशीच्या वरच्या प्रत्येक वर्षामागे हप्ता २ टक्क्यांनी वाढतो. नव्याने राहायला येणाऱ्यांना नऊ महिन्यांची मुदत असते, तेवढ्यात घेऊन टाका.

आता पोर्टेबिलिटी. ती भारतात २०११पासून आहे, आणि तिच्यात पूर्ण केलेला प्रतीक्षाकाळ (काही आजारांचं कव्हर सुरू होण्याआधी थांबावं लागतं तो काळ) सोबत नेता येतो, ही मोठी सोय आहे यात वाद नाही. पण आपल्याकडे हप्ता वयानुसार चढतो, त्यामुळे म्हाताऱ्यांचा बोजा कंपन्यांनी आपसात वाटून घेण्याचा प्रश्नच येत नाही; तो बोजा त्या म्हाताऱ्याच्याच डोक्यावर असतो. आणि पोर्टिंगचा अर्ज आला की नवी कंपनी वय, मधुमेह, जुनी अँजिओप्लास्टी हे सगळं तपासते आणि नाही म्हणू शकते. तुम्ही चाळिशीच्या आतले, धडधाकट असाल तर ही सोय उत्तम चालते. तुमच्या वडिलांच्या नावाने एकदा अर्ज करून बघा आणि काय उत्तर येतं ते इथेच खाली लिहा.