पाऊण क्विंटल साहित्य

"मास्तर, कितलं वजन शे?" प्रेसच्या दारात रिक्षावाल्याने विचारलं.

डेमी आकार, 8 फर्मे म्हणजे 128 पानं, 70 जीएसएमचा कागद. एक प्रत साधारण दीडशे ग्रॅम. अशा 500. मी मनात गुणाकार केला आणि म्हणालो, "पाऊण क्विंटल." कापूस असता तर त्याने भाव तरी विचारला असता. पुस्तकं म्हटल्यावर त्याने वीस रुपये वाढवून मागितले.

एका प्रकाशकाने माझं बाड दीड वर्ष सांभाळलं आणि न उघडता परत पाठवलं. दुसरा म्हणाला, छापतो, पण 300 प्रती तुम्हीच विकत घ्या. सगळा खर्च माझाच, तर मध्ये हा कशाला? कापसाचे पैसे नुकतेच आले होते. प्रकाशक म्हणून बायकोचं नाव टाकलं. ही चूक फार उशिरा लक्षात आली. लेखकाची बायको गप्प बसेल एकवेळ, प्रकाशक रोज हिशेब मागतो.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, मात्र फुकट मिळाला. राजा राममोहन रॉय यांच्या नावाची सरकारी संस्था तो देते, ऑनलाइन अर्ज करायचा. 978 ने सुरू होणारा 13 आकडी नंबर आला त्या दिवशी मी तो शेजारच्या नानांना दाखवला. नाना म्हणाले, "लागनी का मंग?" त्यांना ते लॉटरीचं तिकीट वाटलं. आता वाटतं, तिकीट असतं तर बरं झालं असतं.

खरा छळ अक्षरजुळणीचा. मी सगळं युनिकोडमध्ये टाइप करून दिलेलं. डीटीपीवाल्याने ते आपल्या फॉन्टमध्ये ओतलं आणि पुस्तकातले सगळे 'ऱ्या' मेले. शेतकऱ्यांचे शेतकयां झाले, दुसऱ्याचा दुसया झाला. पुस्तक गावाकडच्या आठवणींचं, म्हणजे पानापानावर शेतकरी. मी तीन वेळा प्रुफं वाचली, पण प्रत्येक वेळी डोळे फक्त 'ऱ्या' शोधत होते. बाकीची अक्षरं माझ्या नजरेखालून आरामात निघून गेली.

पुस्तक यायला मुहूर्तही असा साधला, की विचारू नका. साहित्य संमेलन आमच्या अमळनेरला पहिल्यांदा भरलं 1952 साली आणि नंतर थेट फेब्रुवारी 2024 मध्ये. बहात्तर वर्षांनी अख्खा मराठी वाचक आमच्या दारात आला, तेव्हा माझं पुस्तक प्रेसमध्ये शेतकयां-दुसया करत पडलं होतं. संमेलनाचा मांडव उठला आणि मग गठ्ठे घरी आले. याच हिशेबाने पुढचं संमेलन 2096 ला. तोवर वाळवीने वाट पाहिली पाहिजे.

गठ्ठे दिवाणाखाली बसले, उरलेले गव्हाच्या कोठीशेजारी. आईने गव्हात घालायचा कडुलिंबाचा पाला थोडा माझ्या साहित्यातही घातला.

प्रकाशनाचा कार्यक्रम थंडीत ठेवला. बामणोदची वांगी आणली, पराट्यांवर, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांवर भाजली, भरीत-पुरी केली. ऐंशी माणसं जेवली. भरिताला तोड नव्हती, असं सगळ्यांनीच सांगितलं. पुस्तकं अकरा गेली. त्यातल्या तिघांनी क्यूआर कोडसमोर मोबाइल धरला, "नेटवर्क नही" म्हणाले आणि प्रत घेऊन गेले. त्यांना बहुधा अजून नेटवर्क मिळालेलं नाही.

पुस्तकाच्या दुकानदाराने 50 टक्के कमिशन मागितलं. पैसे विकल्यावर. विकलं की नाही, हेही तोच सांगणार.

आणि मग नातेवाईक. "भाऊ, तुन्हं पुस्तक उनं म्हणे, माले एक देजो." किंमत 200 रुपये आहे, हे वाक्य मी आरशासमोर पाठ केलेलं, पण समोर मावसभाऊ उभा राहिला की हात आपोआप खिशातलं पेन काढतो आणि 'सप्रेम भेट' लिहून मोकळा होतो. एकदा धीर करून किंमत सांगितली, तर तो हसत म्हणाला, "पैसा कसाना रे भाऊ?" सरकारही नातेवाईकच. 1954 च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकाने स्वखर्चाने कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला प्रत पाठवायची, शिवाय इतरही ग्रंथालयांना. आमच्या प्रकाशकाने पोस्टाची पावती फ्रिजवर चुंबकाने लावून ठेवली आहे. बहिणाबाईंची गाणी पुस्तकरूपात आली ती 1952 मध्ये, त्या गेल्यानंतर. हा मावसभाऊ तरी त्यांच्या वाट्याला आला नाही.

रोख पैसे मोजून वीस प्रती घेणारा एकच माणूस निघाला. माझे सासरे. पारोळ्याकडच्या गावात त्यांनी भजनी मंडळात त्या वाटल्या. "जवाईनं लिखेल शे" म्हणून.

परवा रावेरहून एका अनोळखी गृहस्थांचा फोन आला. केळीचा व्यापार करतात. "सर, पान 47 वर आलो." मला भरून आलं. पान 47! इतक्या आत आजवर कोणी शिरलं नव्हतं. म्हटलं, "कसं वाटलं?" ते म्हणाले, "तिथं 'दावणीला दोन सासरे बांधली होती' असं छापलंय. वासरे पाहिजे ना?"

दिवाणाखाली 312 प्रती होत्या. त्या रात्री गठ्ठे सोडले. मी 'स'वर व्हाइटनर लावायचा, प्रकाशकाने फुंकर मारायची, वाळलं की बारीक निबेने 'व' काढायचा. आई पाला बाजूला झटकत होती. शंभराव्या प्रतीपर्यंत माझा 'व' छापील वाटायला लागला. पण पारोळ्याकडच्या वीस प्रतींचं काय करायचं, यावर कोणीच बोलत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासरे स्वतःच एसटीने आले. पाणी प्यायले. पिशवीतून चष्मा काढला, पुस्तक काढलं. 47 व्या पानात बसचं तिकीट खूण म्हणून घातलेलं. त्या ओळीवर बोट ठेवून बराच वेळ बघत राहिले. बायको स्वयंपाकघरात निघून गेली. मी व्हाइटनरची बाटली मुठीत धरून उभा.

"जवाई," ते म्हणाले, "एक ते मी. दुसरा कोण शे?"