अर्धं बटण दाबा हो!

पुन्हा तेच! भाचीच्या साखरपुड्याचे फोटो आले आणि जोडप्याचे चेहरे धूसर, मागचा पडदा मात्र लख्ख. कॅमेऱ्याने दोघांच्या मधल्या फटीतून पडद्यावरच फोकस धरला. अहो, बटण आधी अर्धं दाबायचं, एका चेहऱ्यावर फोकस धरायचा, बोट तसंच ठेवून चौकट जुळवायची आणि मग पूर्ण दाबायचं. किती वर्षं सांगतोय! खटकन एका दणक्यात दाबलं तर त्या बिचाऱ्या कॅमेऱ्याने फोकस करायचा कधी?

आणि तो फ्लॅश! अंगचा फ्लॅश जेमतेम ३-४ मीटर पोचतो. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाईवर येतो. तरी शेवटच्या रांगेतून स्टेजवर लखलखाट चालूच. उजळतं काय? पुढच्या खुर्चीतल्या काकांची पाठ! तसबिरीच्या काचेसमोर नाकासमोर उभं राहून फ्लॅश मारला तर पांढरा गोळाच येणार ना? जरा तिरकं उभं राहायला काय होतं? भर दुपारी सूर्य समोरच्या माणसांच्या पाठीशी असताना त्यांचे चेहरे काळेठिक्कर पडतात, तिथे फ्लॅश हवा असतो, तर तिथे नेमका बंद!

सगळ्यात राग येतो तो आजीच्या फोटोंचा. अंधाऱ्या खोलीत, हातभर अंतरावरून फ्लॅश. चेहरा पांढराफटक, डोळे लालभडक. अंधारात बाहुल्या मोठ्या झालेल्या असतात, फ्लॅश भिंगाला चिकटलेला. डोळ्यातून लाल उजेडच परतणार. आधी खोलीतले दिवे लावा! तिला खिडकीपाशी बसवा! नव्वदीची झाली ती. तिचा एक तरी धड फोटो घरात नको?