पाचव्या मुद्द्यातली केशरी पावडर

ठाण्याच्या घोडबंदर रोडच्या सोसायट्यांच्या ग्रुपांवर सध्या ‘घरच्या घरी खरा ज्वालामुखी : सात युक्त्या’ असा मेसेज फिरतोय. विज्ञान प्रदर्शनाच्या तोंडावर तो आमच्या ताईच्या ग्रुपवर पोचला, खाली अंगठ्यांची रांग लागली आणि भाच्याने सामानाची यादीही केली. सातांपैकी जेमतेम दीड मुद्दा बरोबर आहे. पाचवा घातक आहे, म्हणून आधी तोच.

‘सोडा-व्हिनेगर बाळबोध झालं. प्रयोगशाळेचं साहित्य विकणाऱ्या दुकानातून अमोनियम डायक्रोमेटची केशरी पावडर आणा, ढीग करून पेटवा. हिरवी राख नंतर कुंडीत टाका, झाडांना चांगली.’

प्रयोग जुना आहे आणि दिसतो देखणा, हे मान्य. एकेकाळी वर्गासमोर तो करूनही दाखवत. पावडर पुरेशी तापली की तिचं विघटन आपोआप पुढे सरकतं. नायट्रोजन आणि पाण्याची वाफ सुटते, मागे क्रोमियम ऑक्साइडची फुगीर हिरवी राख उरते. त्या ऑक्साइडचा तसा फार धोका नाही, आणि मेसेज लिहिणाऱ्याने बहुधा तेवढंच वाचलं. पण घरच्या ढिगातली पावडर पूर्ण जळत नाही. सुटणारा वायू न जळलेले कण सोबत उडवतो. ते पोरांच्या नाकात जातात, कपड्यांवर बसतात, उरलेले राखेत मिसळून राहतात. हे कण म्हणजे षट्संयुजी क्रोमियम, हिरव्या ऑक्साइडहून वेगळं, घातक रूप. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९० साली ही संयुगं पहिल्या गटात टाकली, म्हणजे माणसाला कर्करोग होतो हे सिद्ध झालेल्या पदार्थांच्या यादीत. ॲस्बेस्टॉस त्याच यादीत आहे, तंबाखूचा धूरही. आणि ही राख कुंडीत घालायची, जिथली तुळशीची पानं खोकला झाला की आपण काढ्यात टाकतो!

कुणी पावडर आणलीच असेल तर बाटली उघडू नका. बेसिनमध्ये ओतू नका, ओल्या-सुक्या कचऱ्यातही नको. दुकानदाराला परत करा. तो घेत नसेल तर जवळच्या कॉलेजच्या रसायनशास्त्र विभागात विचारा.

तिसरा मुद्दा, ‘सोडा-व्हिनेगर घालून झाकण घट्ट लावा, हलवा आणि मग उघडा.’ हिशोब करू. १०० मिली व्हिनेगर आणि पुरेसा खायचा सोडा यांतून साधारण दीड लिटर कार्बन डायऑक्साइड निघतो. बाटली २०० मिलीची असेल तर त्याला जागा उरते १०० मिली. अर्धा वायू द्रवात विरघळला असं धरलं तरी आत हवेच्या दाबाच्या आठ-नऊ पट दाब होतो. कारच्या टायरमधला दाब याच्या निम्माही नसतो. झाकण उडतं ते वाकून बघणाऱ्या डोळ्यावर, आणि काचेची बरणी असेल तर पुढचं सांगायला नको. बाटलीचं तोंड उघडंच ठेवायचं. झाकण, बूच, फुगा, काही नाही.

दुसरा मुद्दा ‘सोडा जितका जास्त तितका लाव्हा उंच’ हा निव्वळ अडाणीपणा. बाजारातलं पांढरं व्हिनेगर ४ ते ५ टक्क्यांचं असतं. ४ टक्क्यांच्या १०० मिलीत आम्ल असतं ४ ग्रॅम, आणि त्याला सोडा लागतो साडेपाच ग्रॅमच्या आसपास, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा आणि वर चिमूटभर. वाटीभर ओतलात तर बाकीचा तळाशी चिखल होऊन बसतो. उंची येते ती अरुंद तोंडामुळे आणि सोडा एकदम मिसळल्यामुळे. म्हणून २०० ते २५० मिलीची बाटली घ्या. तीत १०० मिली व्हिनेगर, भांडी घासायच्या लिक्विडचा अर्धा चमचा आणि खायचा रंग घाला. सोडा टिश्यू पेपरच्या पातळ पुडीत बांधून वरून सोडा. टिश्यू भिजेपर्यंत हात मागे घ्यायला वेळ मिळतो. पुडी जाड झाली तर आत नुसतीच तरंगते, आणि फसलेल्या ज्वालामुखींचं नेहमीचं कारण हेच. दुसरं कारण म्हणजे सोड्याऐवजी बेकिंग पावडर; तिच्यात स्टार्च असतो, सोडा कमी.

पहिला मुद्दा, ‘व्हिनेगर कोमट करा, साबण घाला’, बरोबर आहे. फक्त कोमट म्हणजे कोमट. उकळत्या व्हिनेगरची वाफ डोळ्यांत झोंबते.

चौथ्यात ‘रंगासाठी शेंदूर’ आहे. शेंदूर म्हणजे शिशाचं ऑक्साइड आणि व्हिनेगरमध्ये त्यातलं शिसं विरघळतं. विषय संपला.

सहावा, ‘फरशीवर सांडलं तर पुसलं की झालं.’ व्हिट्रिफाइड टाइल्सवर चालेल. संगमरवर, कोटा, शहाबादी हे चुनखडीच्या जातीचे. व्हिनेगर पडलं की त्यांची झिलई जाते आणि डाग कायमचा राहतो. परात घ्या.

उरला सातवा : ‘आपला पारसिक डोंगर म्हणजे झोपलेला ज्वालामुखी, आत असंच आम्ल-सोड्याचं मिश्रण आहे.’ यातलं अर्ध खरं नाइलाजाने मान्य करतो. मुंब्र्याजवळच्या या पारसिकचा दगड लाव्हारसाचाच आहे, आणि खऱ्या उद्रेकातही फुगणारा वायूच रस वर ढकलतो. पण तो वायू सोड्यातून येत नाही. खोलवर दाबाखाली शिलारसात विरघळलेली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड दाब उतरल्यावर बुडबुडे होऊन सुटतात. आणि पारसिक झोपलेला नाही, तो कधी ज्वालामुखीचा शंकू नव्हताच. दख्खनचा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लांबलचक भेगांमधून वाहिला आणि थरावर थर पसरत गेला. मुंब्र्याच्या कड्यावरचे आडवे थर लोकलमधूनही दिसतात. भारतातला जागृत ज्वालामुखी बघायचा तर अंदमानातलं बॅरन बेट.

पारसिकच करायचा असेल तर शंकू सोडा. वायरिंगच्या केसिंग पट्टीचा ३० सेंटिमीटरचा तुकडा घ्या, दोन्ही टोकं एमसीलने बंद करा. आत पाऊण चमचा सोडा आणि थोडं लिक्विड सारखं पसरा. वर पुठ्ठा ठेवा, त्याला पट्टीच्या लांबीची एक सेंटिमीटर रुंद चीर पाडलेली हवी. सॉसच्या बाटलीने ६० मिली रंगीत व्हिनेगर चिरेतून एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत भरभर सोडा. फेस दोन्ही बाजूंना सपाट पसरतो. प्रत्येक वेळी पुसून तिथे शाडूचा पातळ थर द्या, मधूनच एक थर गेरू मिसळून लाल. खऱ्या कड्यांतही दोन प्रवाहांमध्ये असे लाल पट्टे सापडतात. माती लावताना चिरेत आइस्क्रीमच्या काड्या खोचून ठेवा, नाहीतर चीर बुजते आणि पुढचा फेस पुठ्ठ्याखालून बाहेर येतो.