आत्या, तिकीट रद्द करू नको

काल रात्री विश्रामबागेतून आत्याचा फोन आला. "तिकीट रद्द केलं तर पैसे परत मिळतील का रे?" पुढच्या महिन्यात ती लेकीच्या बाळंतपणाला दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालीय. भिशीच्या ग्रुपवरच्या मेसेजनं तिला घाबरवलं. त्यात म्हटलंय की विमान कंपन्या भाडं उकळायला मुद्दाम उत्तरेकडून लांबच्या वाटेनं नेतात, ध्रुवाजवळ होकायंत्र बिघडून विमानं भरकटतात, आणि पृथ्वी खरंच फिरत असती तर विमान नुसतं वर थांबलं तरी खाली अमेरिका आली असती. हाच मेसेज मला चौघांनी पाठवलाय. एकानंही घरातल्या पोराचा पृथ्वीगोल उचलून बघितला नाही!

मेसेजमध्ये भिंतीवरच्या नकाशावर दिल्लीपासून पॅसिफिकवरून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत सरळ लाल रेघ मारलीय, 'खरं जवळचं अंतर' म्हणून. गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवताना ध्रुवांकडचा भाग ताणला जातो. त्या नकाशात ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं; प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या 14 पट आहे. अशा नकाशावर पट्टी ठेवून अंतर कसलं मोजता? पृथ्वीगोलावर दोऱ्याचं एक टोक दिल्लीवर दाबा, दुसरं सॅन फ्रान्सिस्कोवर, आणि दोरा ताणा. तो आपोआप वर सरकून सायबेरियावरून आर्क्टिक महासागरावर जातो. ते अंतर साधारण 12,400 किलोमीटर. लाल रेघ धरून गेलं तर सुमारे 15,000.

कंपन्या नेहमी सगळ्यात जवळच्या वाटेनं जात नाहीत, एवढं मात्र मान्य करावं लागतं. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्ताननं आपलं आकाश भारतीय विमानांना बंद केल्यावर दिल्लीच्या विमानांना वळसा पडू लागला. आणि ऑक्टोबर 2016 मध्ये एअर इंडियानं याच दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को मार्गावर विमान खरोखरच पॅसिफिकवरून नेलं. अंतर भरलं 15,300 किलोमीटर, आधीच्या अटलांटिकच्या वाटेपेक्षाही जास्त. तरी साडेचौदा तासांत, म्हणजे नेहमीपेक्षा लवकर पोचलं, कारण पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जोराचा वारा पाठीशी होता. म्हणजे मेसेज जिला जवळची म्हणतो, तीच वाट लांबची निघाली. तेव्हा पेपरात छापून आलं होतं हे, कुणी लपवलं नव्हतं. आणि जादा इंधनाचा खर्च कंपनीच्याच खिशातून जातो, तो कुणी हौसेनं करत नाही.

चुंबकी होकायंत्र ध्रुवाजवळ बिनभरवशाचं होतं, खरंय. पण आजची विमानं त्याच्या जिवावर उडत नाहीत. जानेवारी 2021 मध्ये कॅप्टन झोया अग्रवाल आणि त्यांच्या सहकारी महिला वैमानिकांनी सॅन फ्रान्सिस्कोहून बंगळूरला विमान उत्तर ध्रुवावरून सुखरूप आणलं.

राहिलं पृथ्वीचं फिरणं. मिरज–कोल्हापूर धावत्या गाडीत शेंगदाणा वर उडवा, तो हातातच पडतो. जमिनीबरोबर हवाही फिरते आणि हवेबरोबर विमानही.

आत्या, तिकीट राहू दे. डिंकाच्या लाडवांचं सामान घेऊन मी रविवारी येतो. येताना पृथ्वीगोल आणि दोराही आणतो.