बारशाची आठवण संमोहनाने परत येत नाही

‘शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय, जन्मापासूनच्या सगळ्या आठवणी मेंदूत शाबूत असतात. संमोहनाच्या तीन बैठकांत त्या परत येतात, लहानपणी घरच्या कोणी छळलं तेही कळतं.’ हा मेसेज फोंड्याच्या ग्रुपांतून फिरत आमच्या मावशीकडे आला आणि ती पैसे भरायला निघाली.

‘शाबूत असतात’ यात थोडं तथ्य आहे, तेवढं मान्य. 2018 मध्ये टोरांटोच्या पॉल फ्रँकलंड यांच्या प्रयोगशाळेत 17 दिवसांच्या उंदरांना एका पेटीत पायाला शॉक दिला. एवढी पिल्लं ते लवकरच विसरतात, पुन्हा त्याच पेटीत ठेवलं तरी फारशी घाबरत नाहीत. पण शॉकच्या वेळी हिप्पोकॅम्पस या मेंदूतल्या आठवणींच्या भागातल्या ज्या पेशी जाग्या झाल्या, त्यांवर प्रकाशाने चेतणाऱ्या प्रथिनाची खूण केलेली होती. 90 दिवसांनी मेंदूत बसवलेल्या तंतूतून प्रकाश सोडला, तर मोठे झालेले उंदीर भीतीने जागच्या जागी थिजले. नोंद होती, तिच्याकडे जाणारी वाट बुजली होती.

यासाठी जनुकं बदललेले उंदीर लागले, घटनेच्या वेळीच पेशींवर खूण लागली आणि कवटीतून तंतू आत घालावा लागला. यातलं काहीच खुर्चीत डोळे मिटून होत नाही.

छळाचा मुद्दा मात्र घातक आहे. संमोहनाने आठवणीची अचूकता वाढत नाही, खात्री तेवढी वाढते. मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस यांच्या 1995 च्या प्रयोगात 24 जणांना लहानपणचे तीन खरे प्रसंग सांगितले आणि चौथा रचलेला: तू पाचेक वर्षांची असताना मॉलमध्ये हरवली होतीस. सहा जणांना तो पूर्ण किंवा अर्धवट ‘आठवला’. आपल्याकडे मॉलच्या जागी म्हार्दोळची जत्रा घाला. बैठकीत ‘खोलीत अजून कोण आहे?’ असं पुनःपुन्हा विचारलं, की काका-मामाचं नाव निघायला वेळ लागत नाही. घरं तुटतात, आणि ज्यांनी खरोखर सोसलंय त्यांच्या बोलण्यावरही संशय येतो.

उदबत्तीच्या वासाने पाळण्यातलं आठवतं म्हणे! वासाने बालपण जागं होतं हे खरं, पण ते बहुतेक शाळकरी वयाचं. मोठेपणी आठवणारा पहिला प्रसंग साधारण तिसऱ्या-चौथ्या वर्षाचा असतो.

बारसं आठवतं असं वाटत असेल तर कोणाला विचारण्याआधी सगळं कागदावर लिहा. मग अल्बम काढा. फोटोत दिसतं ते खोडा, आईने कधी सांगितलं असेल तेही खोडा. उरेल त्याची खातरजमा त्या दिवशी तिथे असलेल्या माणसाकडून करा, आणि त्याला आधी काही न सुचवता.